मृदू प्रवाळांना एकच रकाना पुरणार नाही: प्रवाळभित्तींच्या सर्वेक्षणाचे आराखडे ठरवणाऱ्यांना खुले पत्र

किनारी प्रवाळभित्तींच्या सर्वेक्षणाचे आराखडे आखणाऱ्या, त्यांना निधी देणाऱ्या आणि त्यांचे अहवाल स्वीकारणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

पाणबुड्यांनी पाण्याखाली नेण्याच्या पाटीवर आपण जो तक्ता छापून देता, त्याबद्दल हे पत्र आहे. त्या तक्त्यात कठीण प्रवाळांसाठी फांद्यांचे, पसरट, घुमटाकार, पानांसारखे असे वेगवेगळे रकाने असतात. कित्येकदा वंशाचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, नावही लिहायचे असते. शैवालांचेही दोन-तीन प्रकार केलेले असतात. त्यानंतर एक रकाना येतो, ‘मृदू प्रवाळ’. चामड्यासारखे, झुबक्यासारखे, डोलणारे, लिबलिबीत जे काही दिसेल ते सगळे त्यात जाते. हा रकाना मोडावा, त्याच्या जागी वंशनिहाय नोंद यावी आणि त्या नोंदीसोबतच त्या जागेचे पाणी, गाळ, उजेड आणि प्रवाह यांची मोजमापे घेतली जावीत, एवढीच माझी मागणी आहे. ती मान्य न झाल्याने काय हातचे जाते आहे, ते जरा सविस्तर सांगते.

आधी त्या रकान्यात कोण कोण कोंबले जाते ते पाहू. मृदू प्रवाळ ऑक्टोकोरल गटातले. वसाहतीतल्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे एकेका लहान जीवाला, तोंडाभोवती आठ संस्पर्शक आणि प्रत्येक संस्पर्शकाच्या दोन्ही कडांना पिसासारखी झालर, ही त्यांची खूण. कठीण प्रवाळांची रचना सहाच्या पटीत असते, त्यामुळे जवळून पाहिले तर दोघांत गल्लत होत नाही. जगभरात ऑक्टोकोरलच्या तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने झाली आहेत. त्यातल्या काही भित्तीवर चामडी गालिचा पसरतात. सिन्युलारिया, सार्कोफायटन आणि लोबोफायटम हे वंश तसे आहेत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने उन्हावर बनवलेल्या अन्नाचा वाटा प्रवाळाला मिळतो. डेंड्रोनेफ्थिया वंशाचे लाल, गुलाबी, नारिंगी झुबके मात्र असे शैवाल पाळतच नाहीत. ते पूर्णपणे पाण्यातून वाहत येणाऱ्या अन्नावर जगतात. तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावरच्या एका अभ्यासाने 1995 मध्ये दाखवून दिले की तो प्रामुख्याने वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिजीव, गाळून खातो. प्रवाळ म्हणजे लहान प्राणी पकडून खाणारा, या समजाला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. झेनिया वंशाचे पॉलिप तालात उघडझाप करत राहतात. समुद्रपंखे हे पंख्याच्या आकाराचे ऑक्टोकोरल प्रवाहाला आडवे पसरून उभे असतात.

आता पाणी गढूळ होऊ लागले तर काय होईल? उजेडावर जगणारे वंश एकेक करून हटतील. गाळून खाणाऱ्यांना कदाचित अन्न वाढल्यामुळे बरे दिवस येतील. दोन गट उलट दिशांना सरकतील, आणि आपल्या रकान्यातला आकडा जागच्या जागी राहील. अहवालात ‘मृदू प्रवाळांच्या आच्छादनात (म्हणजे तळाचा जितका भाग त्यांनी व्यापला आहे त्यात) लक्षणीय बदल नाही’ असे वाक्य येईल. ते वाक्य खोटे नसेल, पण भित्तीवर प्रत्यक्ष जे घडले त्याचा त्यात मागमूसही नसेल.

हा केवळ तर्क नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर कॅथरिना फॅब्रिशियस आणि ग्लेन डिआथ यांनी शेकडो मैलांच्या पट्ट्यात मृदू प्रवाळांची वंशनिहाय मोजणी केली आणि सोबत पाण्याची स्थितीही नोंदवली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत गढूळपणा वाढतो तिथे मृदू प्रवाळांची विविधता घटते हे स्पष्ट दिसले. 2010 मध्ये त्यांनी आणखी मोठे चित्र मांडले. पाण्याची पारदर्शकता कमी आणि (सूक्ष्म वनस्पतिजीवांचे माप असलेले) हरितद्रव्य जास्त अशा ठिकाणी मोठे शैवाल वाढते, कठीण प्रवाळांची आणि प्रकाशावर जगणाऱ्या ऑक्टोकोरलची विविधता घसरते, तर गाळून खाणाऱ्या ऑक्टोकोरलना गढूळपणाचा थोडा फायदाच होतो. हा शेवटचा भाग आराखडे करणाऱ्या प्रत्येकाने थांबून वाचावा असा आहे. दोन्ही गट एकत्र मोजले असते तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

त्या मोजणीतून हाती आले ते नुसते चित्र नव्हते, धोरणाला उपयोगी पडतील असे आकडेही होते. सेकी चकती, म्हणजे पाण्याची पारदर्शकता मोजायला दोरीने सोडतात ती पांढरी चकती, सरासरी 10 मीटर खोलीपर्यंत दिसावी आणि हरितद्रव्याचे वार्षिक सरासरी प्रमाण लिटरला 0.45 मायक्रोग्रॅमच्या आत राहावे, या मर्यादा त्यातून सुचल्या आणि त्या रीफच्या पाण्याच्या दर्जाच्या मार्गदर्शक मर्यादांतही घेतल्या गेल्या. कोणत्या नदीतून किती गाळ येऊ द्यायचा, काठच्या शेतीतून वाहून येणारे खत किती कमी करायचे, या वादांत बोट ठेवून दाखवता येईल असा आकडा मिळाला. तो मिळाला कारण कुणीतरी पाटी घेऊन पाण्याखाली गेले आणि सिन्युलारिया वेगळा, डेंड्रोनेफ्थिया वेगळा लिहून वर आले. हाँगकाँगच्या भित्तींवरही पाण्याच्या दर्जाच्या उतरंडीनुसार ऑक्टोकोरलचे समुदाय कसे बदलतात हे 2006 मध्ये याच रीतीने मांडले गेले.

उजेडावर जगणारे मृदू प्रवाळ गढूळपणाला इतके हळवे का, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्यातले प्रकाशसंश्लेषण कठीण प्रवाळांच्या मानाने मंद असते. अनेक जातींना तेवढ्यावर भागत नाही, पाण्यातले बारीक कणही पकडावे लागतात, आणि त्यांच्या दंशपेशी दुबळ्या असल्याने मोठी शिकार त्यांना जमत नाही. म्हणजे उजेड थोडा जरी घटला तरी त्यांचा हिशेब तोट्यात जातो. दहा-पंधरा मीटरवर आधीच काठावर जगणारी वसाहत पाणी गढूळ झाले की टिकत नाही. त्यांची खालची हद्द वर सरकते. मला वाटते, ही सरकणारी हद्द किनारी भित्तीच्या तब्येतीची सर्वांत बोलकी खूण आहे, आणि आपल्या बहुतेक तक्त्यांत ती नोंदवायला जागाच नाही.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. कठीण प्रवाळ मेला तर मागे पांढरा सांगाडा राहतो. वर्षभराने गेलात तरी त्यावर शैवाल चढलेले दिसते, मोडक्या फांद्या दिसतात, अंदाज बांधता येतो. मृदू प्रवाळ मेला की कुजतो आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत नाहीसा होतो. उरतो तो उघडा खडक, आणि त्या खडकावर काय होते ते सांगणारे काहीच उरत नाही. त्यामुळे आधीची नोंद नसेल तर मृदू प्रवाळ गेल्याचा कोणताच पुरावा नसतो, आणि नंतर नेलेल्या पथकाला तो शोधूनही सापडणार नाही. उष्णतेच्या लाटेनंतर घाईने पाहणी करणे ही वरातीमागून घोडे अशी गत आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये चौथी जागतिक विरंजन घटना (उष्णतेने प्रवाळांतले शैवाल निघून जाऊन ते पांढरे पडणे) जाहीर झाली. त्या वर्षांत कुठल्या किनाऱ्यावरून कोणते मृदू प्रवाळ गेले, हे फक्त ज्यांच्याकडे आधीची वंशनिहाय यादी आहे तेच सांगू शकतात.

जागतिक आकडेवारीत तर ही उणीव ठळकच दिसते. जागतिक प्रवाळभित्ती देखरेख जाळ्याने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 2009 ते 2018 या काळात जगातले सुमारे 14 टक्के प्रवाळ नाहीसे झाल्याचे म्हटले आहे. तो आकडा सर्वत्र उद्धृत झाला, तो व्हायलाच हवा होता. पण तो कठीण प्रवाळांच्या आच्छादनाचा आहे. समुद्रनिरीक्षणासाठी जे अत्यावश्यक घटक जागतिक पातळीवर ठरवले गेले, त्यातही कठीण प्रवाळांचे आच्छादन आणि रचना हा स्वतंत्र घटक आहे. नामशेष होण्याच्या धोक्याचे जे मोठे मूल्यमापन झाले, तेही भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचे. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सगळे कठीण प्रवाळ आहेत. ऑक्टोकोरलपैकी मात्र तिथे निळे प्रवाळ आणि ऑर्गन-पाइप प्रवाळ आहेत, कारण त्यांचा सांगाडा दगडासारखा असतो. मत्स्यालयांसाठी विकले जाणारे चामडी प्रवाळ त्याच्या बाहेर राहतात. मोजले जात नाही म्हणून संरक्षण नाही, आणि संरक्षण नाही म्हणून मोजण्याची निकड नाही. हे चक्र तोडायचे तर सुरुवात पाटीवरच्या तक्त्यापासूनच करावी लागेल.

आता आपल्याकडून येणाऱ्या हरकतींकडे वळते. त्यांतली पहिली रास्त आहे: मृदू प्रवाळ ओळखणे कठीण असते. हो, असते. जातीची खात्री करायची तर ऊतींतले स्क्लेराइट, म्हणजे चुन्याचे सूक्ष्म कण, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. वसाहतीचा छोटा तुकडा घ्यायचा, ब्लीचमध्ये ऊती विरघळवायच्या, खाली बसलेले कण धुऊन काचपट्टीवर घ्यायचे. तेही एका जागचे घेऊन भागत नाही. वरच्या बोटांचा पृष्ठभाग, त्यांचा आतला भाग, बुंध्याची साल आणि बुंध्याचा गाभा, या चारही ठिकाणचे कण वेगवेगळ्या घडणीचे असू शकतात. सिन्युलारियाच्या बुंध्यातले कण तर काही मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे असतात. नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा. फॉर्मॅलिन आम्लधर्मी झाले तर ते स्क्लेराइटच विरघळवून टाकते आणि ओळख पटवायचे साधनच नष्ट होते.

जनुकांची मदत मिळते, पण तिलाही मर्यादा आहेत. बहुतेक प्राण्यांत जाती ओळखायला वापरला जाणारा सीओआय हा जनुक इथे बऱ्याचदा अपुरा पडतो, कारण ऑक्टोकोरलच्या मायटोकाँड्रियातला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकातला) डीएनए फार सावकाश बदलतो. त्याच मायटोकाँड्रियात ऑक्टोकोरलचा खास असा एमटी-म्युटएस नावाचा जनुक असतो. तो अधिक उपयोगी पडतो, तरी सगळ्या जाती त्यानेही वेगळ्या पडत नाहीत. शिवाय वर्गीकरणच हलते आहे. 2022 मध्ये कॅथरिन मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे ऑक्टोकोरलची सगळी मांडणी नव्याने केली. जुना अल्सिओनेसिया गण मोडीत निघाला आणि त्याच्या जागी मॅलॅकअल्सिओनेसिया आणि स्क्लेरअल्सिओनेसिया असे दोन गण आले. अनेक कुलांची उलथापालथ झाली. सिन्युलारियात मोडणाऱ्या कित्येक जाती स्क्लेरोफायटम या वंशात गेल्या.

पण यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून मोजू नका’ असा नाही. जातीपर्यंत जाणे पाण्याखाली शक्य नसते, वंशापर्यंत जाणे बहुतेक वेळा शक्य असते, आणि वर सांगितलेले सगळे निष्कर्ष वंशाच्या पातळीवरच्या नोंदींतून निघालेले आहेत. पाण्याखाली दिसतील अशा खुणा आहेत. सार्कोफायटन आणि लोबोफायटम यांच्या पृष्ठभागावर दोन आकारांचे पॉलिप असतात, उमललेल्या मोठ्या पॉलिपांच्या मध्ये बारीक टिंबे दिसतात. सिन्युलारियात पॉलिप एकाच प्रकारचे. सार्कोफायटनला ठसठशीत देठ आणि वर छत्री, लोबोफायटम खडकाला चिकटून बसका, त्यावर कंगोरे किंवा बोटे. क्लॅडिएला या वंशाला हलकेच हात लावला की तपकिरी पॉलिप आत जातात आणि पांढुरकी पाठ उघडी पडते. डेंड्रोनेफ्थियाच्या पॉलिपांभोवती स्क्लेराइटच्या टोकदार सुया पारदर्शक ऊतींतून दिसतात. मन लावून शिकवले तर कठीण प्रवाळांचे वंश ओळखणारा पाणबुडा हे नक्की शिकतो. जिथे खात्री होत नाही तिथे ‘सार्कोफायटन किंवा लोबोफायटम’ असे लिहिण्याची मुभा तक्त्यात ठेवा. चुकीच्या खात्रीपेक्षा प्रामाणिक जोडनाव कधीही चांगले.

नावे बदलतात, म्हणूनच प्रत्येक वंशाचे जवळून काढलेले छायाचित्र आणि निवडक नमुने जपून ठेवणे अनिवार्य करा. एक छायाचित्र अख्ख्या वसाहतीचे, एक पॉलिप दिसतील इतक्या जवळून, एक मोजपट्टीसह. ज्या यादीच्या पाठीशी नमुना असतो ती वर्गीकरण कितीही बदलले तरी पुन्हा तपासता येते. ज्या यादीच्या मागे काहीच नसते तिचा उपयोग नाव बदलले त्या दिवशीच संपतो. निधी देणाऱ्यांना माझी खास विनंती आहे: बोटीचे इंधन आणि हवेच्या टाक्या यांच्यासाठी पैसे मिळतात, नमुने सांभाळणाऱ्या संग्रहालयासाठी आणि स्क्लेराइट पाहत बसणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञासाठी मिळत नाहीत. जगात मृदू प्रवाळांचे वर्गीकरण जाणणारी माणसे फार थोडी आहेत. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्याला काही वर्षांची निश्चिंती द्या.

ओळख चुकली तर काय होते याचे उदाहरण हवाईतले आहे. 1972 मध्ये तिथे कॅरिजोआ रिसेई हे पांढऱ्या पॉलिपांचे ऑक्टोकोरल आढळले. ते कॅरिबियनमधून आले असावे असे बराच काळ धरले गेले. पुढे खोल पाण्यातल्या काळ्या प्रवाळांवर ते मोठ्या प्रमाणात चढलेले दिसले. नंतरच्या जनुकीय अभ्यासाने त्याचे मूळ हिंद-प्रशांत महासागराकडे दाखवले. अशा परक्या प्राण्याला आवरायला त्याचा नैसर्गिक शत्रू शोधायचा झाला, तर मूळ घर ठाऊक असल्याखेरीज शोध सुरू तरी कुठून करणार? व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर युनोमिया स्टोलोनिफेरा हे हिंद-प्रशांत भागातले मृदू प्रवाळ मत्स्यालयांच्या व्यापारातून शिरले आणि स्थानिक भित्ती गिळत गेले. अशा वेळी एकत्रित रकान्यातला आकडा वाढतो. मृदू प्रवाळ वाढले, भित्ती सावरते आहे, असा अर्थ कुणी काढला तर त्याला चूक म्हणायला तक्त्यात काहीच आधार नसतो.

मृदू प्रवाळ हे कठीण प्रवाळ मेल्यावर माजणारे तण, हा समजही याच रकान्याने पोसला आहे. काही वंश झपाट्याने पसरतात हे खरे. पण सिन्युलारिया आणि सार्कोफायटन यांच्या वसाहती फार सावकाश वाढतात. मीटरभर रुंदीची वसाहत दिसली तर ती कित्येक दशकांची असण्याचा संभव मोठा. सिन्युलारिया तर आपल्या बुंध्यातले स्क्लेराइट एकमेकांना सांधून चक्क खडक बनवतो, भित्तीच्या बांधणीत भर घालतो. अशा जुन्या वसाहतीला आणि काल-परवा पसरलेल्या झेनियाच्या चटईला एकाच आकड्यात मिळवणे म्हणजे सब घोडे बारा टक्के.

औषधांचा मुद्दा मी मुद्दाम फारसा पुढे करत नाही. 1969 मध्ये प्लेक्झॉरा होमोमॅला या समुद्रपंख्याच्या नातेवाइकात प्रोस्टाग्लँडिनचे मोठे साठे सापडले, त्यानंतर ऑक्टोकोरलमधली अनेक रसायने तपासली गेली, हे सगळे खरे आहे. पण एखादा जीव आपल्या कामाचा निघाला तरच त्याची गणती करायची, ही भूमिका मला पटत नाही.

दुसरी हरकत वेळेची असते. स्वयंसेवकांच्या हाती दिलेली पद्धत सोपीच हवी, हे मी मान्य करते. रीफ चेक या उपक्रमाने 1997 पासून हजारो हौशी पाणबुड्यांना कामाला लावले. 20 मीटरचे चार पट्टे, दर अर्ध्या मीटरला एक बिंदू, असे 160 बिंदू. ही पद्धत टिकली ती तिच्या साधेपणामुळे. तिच्या तक्त्यात मृदू प्रवाळांसोबत झोअँथिड हे प्रवाळांसारखे दिसणारे वेगळे प्राणी गणले जातात आणि समुद्रपंखे ‘इतर’मध्ये जातात. पाच-सात दिवसांच्या सुट्टीत शिकलेल्या माणसासाठी हे समजण्यासारखे आहे. पण प्रशिक्षित शास्त्रज्ञांची पथके, सरकारी देखरेख योजना आणि पर्यावरणीय परिणामांचे अभ्यास हेही जेव्हा तेवढ्याच ढोबळ विभागणीवर थांबतात, तेव्हा तो साधेपणा राहत नाही, तो कामातला हलगर्जीपणा ठरतो.

वेळेचा प्रश्न सोडवायचा मार्ग ठाऊक असलेला आहे. बिंदू आणि पट्टे आच्छादनासाठी चांगले, पण त्यांतून दुर्मीळ वंश हमखास निसटतात, कारण विविधतेचा बराच भाग पट्ट्याबाहेर असतो. त्यासाठी ठरावीक वेळ पोहत, भित्तीच्या वेगवेगळ्या खोलींवर दिसेल तो प्रत्येक वंश शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदवायचा. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे एखाद-दुसरी वसाहत, पाच म्हणजे तोच सगळीकडे. भित्तीच्या माथ्यापासून सुमारे 18 मीटर खोलीपर्यंत खोलीचे चार-पाच टप्पे केले की एका बुडीत एका जागेचे काम आटोपते. खोलवरून सुरुवात करून वर येत जायचे, ते सुरक्षितही असते. शून्य लिहायला विसरू नका. नसल्याची नोंद असल्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते, आणि प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांतून तीच आधी गळते.

मृदू प्रवाळ आकुंचन पावतात हे कठीण प्रवाळांची पद्धत त्यांना लावताना विसरले जाते. पॉलिप मिटले की सार्कोफायटनची छत्री आक्रसते. डेंड्रोनेफ्थिया प्रवाह असताना पाणी भरून फुगतो आणि प्रवाह थांबला की लोळागोळा होऊन पडतो. एकाच जागी सकाळी आणि दुपारी मोजले तर आच्छादन वेगळे येऊ शकते, भरतीत आणि ओहोटीत तर येतेच. त्यामुळे मोजणीची वेळ, भरती-ओहोटीची स्थिती आणि वसाहती उमललेल्या होत्या की मिटलेल्या, या तीन नोंदी बंधनकारक करा. दोन वर्षांच्या आकड्यांतला फरक खरा की वेळेचा, हे त्याशिवाय ठरत नाही.

आणि पर्यावरणाच्या नोंदी. इथे माझे म्हणणे थोडे कडक आहे. प्रवाळांची यादी एका संस्थेने करायची, पाण्याची मोजमापे दुसऱ्याच खात्याने दहा किलोमीटरवरच्या बिंदूवर घ्यायची आणि नंतर संगणकावर दोन्ही जुळवायची, याला दुधाची तहान ताकावर भागवणे म्हणतात. किनारी भित्तीवर परिस्थिती शंभर मीटरांत बदलते. बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला लाटा गाळ धुऊन नेतात, आडोशाच्या बाजूला तोच गाळ थर धरून बसतो. नदीमुखाकडे तोंड असलेल्या उतारावर पुराच्या दिवसांत गोड्या पाण्याचा थर तरंगतो, पाठीमागच्या उतारावर त्याचा पत्ताही नसतो. उपग्रहाचे चित्र मोठ्या पट्ट्यासाठी उत्तम, पण गढूळ किनारी पाण्यात पृष्ठभागाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही, ढगांच्या दिवसांत तर काहीच दिसत नाही, आणि गाळ नेमका त्याच दिवसांत येतो.

म्हणून जिथे वंश लिहिले जातात तिथेच, त्याच बुडीत, उताराचा कोन, लाटांचा मारा, खडक-वाळू-गोटे यांचे प्रमाण, आणि खडकावर साचलेल्या गाळाची जाडी लिहा. गाळासाठी उपकरण लागत नाही. खडकावर हाताने पाणी ढवळायचे आणि उठणारा ढग किती दाट आहे ते चार श्रेणींत नोंदवायचे. बोटीवरून सेकी चकती सोडा. अँजेलो सेकीने 1865 मध्ये वापरलेली ही पांढरी चकती आजही किनाऱ्यावर सर्वांत भरवशाचे साधन आहे, आणि तिची नोंद पन्नास वर्षांनीही तुलना करता येते. पाण्याचा नमुना गाळून हरितद्रव्य मोजा. जिथे शक्य आहे तिथे तापमान, गढूळपणा आणि उजेड सतत नोंदवणारी छोटी उपकरणे वर्षभर बांधून ठेवा, कारण पाहणीला आपण नेहमीच शांत, स्वच्छ दिवस निवडतो आणि प्रवाळांना बाकीचे दिवसही काढावे लागतात. उपकरणाच्या काचेवर शेवाळ चढते. ती पुसायला माणूस लागतो, त्याच्या फेऱ्यांचा खर्चही अंदाजपत्रकात असू द्या. प्रवाहाचे मोजमाप बहुतेक आराखड्यांत नसतेच. गाळून खाणाऱ्या मृदू प्रवाळांसाठी तर प्रवाह म्हणजे अन्न. ते न मोजता डेंड्रोनेफ्थिया इथे का आणि तिथे का नाही, याचे उत्तर शोधण्यात अर्थ नाही.

बंदरे, गाळ उपसणे, भराव या कामांना परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना वेगळे सांगायला हवे. परिणामांच्या अभ्यासात ‘मृदू प्रवाळ: आच्छादन इतके टक्के’ एवढीच ओळ असेल तर तो अभ्यास परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला आहे, तो वापरा. उपसा सुरू होण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष वंशनिहाय नोंद आणि पाण्याची मोजमापे मागा. काम सुरू झाल्यावर घेतलेली ‘पूर्वस्थिती’ ही पूर्वस्थिती नसते, आणि वर सांगितल्याप्रमाणे मृदू प्रवाळ आपल्या मागे पुरावा ठेवत नाहीत.

ज्यांच्याकडे जुनी छायाचित्रे आहेत त्यांनी ती फेकू नयेत. अनेक योजनांनी गेल्या काही दशकांत तळाची हजारो छायाचित्रे काढली आणि त्यांतले मृदू प्रवाळ एका सांकेतिक अक्षराने मोजून मोकळे झाले. ती पुन्हा उघडून वंश लिहिता येतात. सगळे ओळखू येणार नाहीत, पण चामडी आणि झुबकेदार, शैवाल पाळणारे आणि न पाळणारे एवढे वेगळे काढले तरी मागच्या वीस-तीस वर्षांतली एखादी दिशा हाती लागेल. कॅरिबियनमधल्या सेंट जॉन बेटावर 1992 पासूनच्या छायाचित्रांतून ऑक्टोकोरल पुन्हा मोजले गेले, आणि कठीण प्रवाळ घटत असताना समुद्रपंख्यांची व त्यांच्या सोयऱ्यांची दाटी वाढत गेल्याचे दिसले. ते चित्र त्या छायाचित्रांत पहिल्यापासून होते.

आपल्यापैकी बहुतेकांचे पुढच्या हंगामाचे तक्ते अजून छापायचे असतील. त्या आधी तीन गोष्टी करा. आपल्या भागात सापडणाऱ्या मृदू प्रवाळांच्या वंशांची यादी जवळच्या वर्गीकरणतज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि एका रकान्याच्या जागी ती यादी छापा. त्याच पानाच्या मागे गाळ, उतार, सेकी, प्रवाह, भरतीची वेळ यांच्या ओळी आखा. पाणबुड्यांना हंगामाआधी दोन दिवस फक्त ऑक्टोकोरल ओळखण्यासाठी पाण्यात उतरवा. ज्या पथकांना शिकवायला माणूस हवा असेल त्यांनी कळवावे, मी येईन आणि माझ्यासारखे आणखी काहीजण येतील.

आपली,
मृदू प्रवाळांची एक अभ्यासक